वेळापत्रक हे लोकांना दिलेले वचन

(करकंब, ता. पंढरपूर येथील नागरिकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



१ जून १९४८ या दिवशी पुण्याहून अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. रस्त्यावर मोटारी त्यापूर्वीही धावत होत्या. खासगी मालकांच्या त्या गाड्या बहुधा प्रवासी भरले की सुटत आणि भरले नाहीत तर उभ्या राहत. एसटीने ग्रामीण महाराष्ट्राला जे नवे दिले, ते चार चाके आणि एक इंजिन एवढेच नव्हते. ठरलेल्या वेळी गाडी सुटेल, आत चाळीस माणसे असोत की चार, ही हमी तिने दिली. वाहकाने दोरी ओढून दिलेली दुहेरी घंटा ही त्या हमीची खूण होती.

वेळापत्रकाचा खरा अर्थ हा आहे. शासनाने सामान्य माणसाला दिलेले ते वचन आहे. परंतु वचन ज्याला दिले, त्याला ते ठाऊकच नसेल, तर ते पाळले की मोडले हे कोणी ठरवायचे? आजचा विषय या एका प्रश्नाभोवती आहे. सार्वजनिक बससेवेची माहिती शासनाने सर्वांसाठी खुली करावी, हा विचार जगभर गेली वीस वर्षे मूळ धरीत आहे. तो विचार काय आहे आणि करकंबसारख्या गावाशी त्याचा काय संबंध आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

माहिती आहे, पण कोठे?

करकंब हे पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचे मोठे गाव. येथील बाजार आमटीची कीर्ती जिल्ह्याबाहेर गेलेली आहे. आठवडी बाजाराला भोवतालच्या वाड्यावस्त्यांतून माणसे येतात. शिक्षणासाठी मुले-मुली पंढरपूरला जातात. पुण्याला जाणारा माणूस टेंभुर्णीला जाऊन पुणे-सोलापूर महामार्गावरची गाडी धरतो. रेल्वे गाठायची तर कुर्डुवाडी जंक्शन आहे. म्हणजे येथील माणसाचा प्रवास बहुधा एका गाडीचा नसतो, दोन गाड्यांचा असतो. पहिली गाडी वीस मिनिटे चुकली, तर दुसरी दोन तासांनी चुकते. दवाखान्यात सकाळी अकरापर्यंतच केसपेपर निघत असेल, तर त्या वीस मिनिटांची किंमत एक पूर्ण दिवस होते आणि शेतमजुरासाठी एक पूर्ण दिवस म्हणजे एक रोजगार.

आता या गाड्यांच्या वेळा कोणाला ठाऊक असतात? आगारातील वाहतूक नियंत्रकाला असतात. चालक-वाहकांना त्यांच्या कामगिरीपुरत्या असतात. स्थानकावरील फलकावर काही रंगवलेल्या असतात. फेरी बदलली तरी फलक बदलतोच असे नाही. लांब पल्ल्याच्या गाड्या आरक्षणाच्या संकेतस्थळावर दिसतात. परंतु गावातून गावाला जाणाऱ्या साध्या गाडीला, पाटीवर हात केला की थांबणाऱ्या गाडीला, रात्री गावात येऊन पहाटे निघणाऱ्या मुक्कामी गाडीला आरक्षण नसते. जी गाडी गरिबाच्या सर्वाधिक उपयोगाची, तिचीच माहिती सर्वांत दुर्मीळ असते.

१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात महिलांना निम्मे भाडे झाले. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य झाला. दोन्ही निर्णयांचे घरोघरी स्वागत झाले. तथापि सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत बसल्यावर मिळते. पंढरपूरहून परतणारी शेवटची गाडी साडेसहाची की सव्वासातची, हे ज्या मुलीच्या घरी निश्चित ठाऊक नसते, तिचे जादा तास पालक बंद करतात आणि पुढे कधी कधी महाविद्यालयही बंद होते. अनिश्चितता ही मुलींच्या शिक्षणातील एक अडचण आहे आणि ती दूर करण्यास नवी गाडी घ्यावी लागत नाही. आहे त्या गाडीची वेळ सांगावी लागते.

खुली माहिती म्हणजे काय?

सोलापूर जिल्ह्याला पंचांगाचे उदाहरण परके नाही, कारण दाते पंचांग सोलापूरचेच. ग्रहगणित एकच असते. त्यातून कोणी पंचांग छापतो, कोणी भिंतीवरचे कॅलेंडर काढतो, कोणी खिशात मावेल अशी दिनदर्शिका करतो. शेतकरी त्यात नक्षत्रे पाहतो, गृहिणी चतुर्थीचा चंद्रोदय पाहते, मंगल कार्यालयाचा मालक मुहूर्त पाहतो. एकादशी अमुक दिवशी आहे हे सांगण्यासाठी कोणाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. तिथी ही कोणाची खासगी मिळकत नाही.

बसच्या माहितीचेही असेच व्हावे, हा खुल्या माहितीचा विचार. शासनाने थांबे, मार्ग, फेऱ्या आणि वेळा यांची मूळ माहिती एका जागी ठेवावी. ती विनामूल्य घेता यावी. यंत्राला वाचता येईल अशा साच्यात असावी. आणि तिच्यापासून कोणालाही काही नवे घडवण्याची मुभा असावी. मग कोणी मोबाईलवरचे ॲप करील, कोणी शाळेसाठी तक्ता छापील, कोणी अभ्यासक वाहतुकीचा आराखडा मांडील.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. महामंडळाने स्वतःचे ॲप काढणे ही चांगली गोष्ट आहे. पण ते म्हणजे खुली माहिती नव्हे. ॲप ही खिडकी आहे. खिडकीतून जे दाखवले जाते, तेवढेच दिसते. गावातल्या सर्व गाड्या एका कागदावर हव्या असतील, किंवा गेल्या वर्षी किती फेऱ्या होत्या आणि यंदा किती उरल्या हे ताडून पाहायचे असेल, तर खिडकी पुरत नाही. त्यासाठी दार उघडे लागते.

सहा तक्त्यांचा साचा

ही माहिती ज्या साच्यात जगभर ठेवली जाते, त्याचा जन्म २००५ मधला. अमेरिकेतील पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही सार्वजनिक वाहतूक संस्था आणि गूगलचे अभियंते यांनी मिळून तो सिद्ध केला. त्याला जीटीएफएस म्हणतात. प्रारंभी त्यातील पहिले अक्षर गूगलचे होते. पुढे साचा सर्वांचा झाला, तेव्हा तेथे ‘सर्वसाधारण’ या अर्थाचा शब्द घातला गेला.

नाव अवघड असले तरी वस्तू सोपी आहे. त्यात मुख्यतः सहा तक्ते असतात. पहिल्यात संस्थेचे नाव. दुसऱ्यात थांबे, प्रत्येक थांब्याला एक क्रमांक, नाव आणि अक्षांश-रेखांश. तिसऱ्यात मार्ग, जसे पंढरपूर-करकंब-टेंभुर्णी. चौथ्यात त्या मार्गावरच्या फेऱ्या. पाचव्यात प्रत्येक फेरी प्रत्येक थांब्यावर किती वाजता येते. सहाव्यात ती कोणत्या वारी धावते. शाळेच्या सुटीत बंद राहणारी विद्यार्थी फेरी, यात्रेची जादा गाडी यांच्यासाठी अपवादाच्या तारखा वेगळ्या नोंदवता येतात. मध्यरात्र उलटून दीड वाजता पोहोचणारी गाडी या साच्यात पंचवीस वाजून तीस मिनिटांची लिहितात, म्हणजे ती आदल्या दिवसाचीच फेरी आहे हे यंत्राला कळते. हे तक्ते साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. हिशेबाची वही ज्याला वाचता येते, त्याला ते वाचता येतील.

हा झाला स्थिर भाग. दुसरा भाग चालू क्षणाचा असतो. गाडीतील उपग्रहाधारित यंत्र तिचे ठिकाण थोड्या थोड्या सेकंदांनी कळवते आणि गाडी किती उशिरा आहे हे त्यावरून काढता येते. पहिला भाग वचन सांगतो आणि दुसरा भाग ते वचन आज कितपत पाळले गेले हे सांगतो.

इतरांनी काय केले?

भारतात याचा आरंभ झालेला आहे. २०१२ मध्ये केंद्र शासनाने माहितीच्या सहभागाचे राष्ट्रीय धोरण अधिसूचित केले. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली आणि गोपनीय नसलेली माहिती लोकांना उपलब्ध व्हावी, माणसाला आणि यंत्राला दोघांनाही वाचता येईल अशी असावी, असे त्या धोरणाचे सांगणे आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय माहिती केंद्राने शासनाचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ उभे केले. २०१७ मध्ये अशी माहिती वापरण्याचा परवानाही निश्चित झाला. हे धोरण केंद्राच्या खात्यांसाठी आहे. राज्यांनी व त्यांच्या महामंडळांनी आपला निर्णय आपण घ्यायचा असतो.

२०१८ मध्ये कोची मेट्रोने आपले वेळापत्रक या साच्यात सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीच्या परिवहन खात्याने दिल्लीच्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साह्याने बससाठी खुले माहिती केंद्र सुरू केले. थांबे, मार्ग आणि वेळा तर तेथे आहेतच. शिवाय धावत्या बसचे चालू ठिकाणही नोंदणी करणाऱ्यास मिळते. विद्यार्थी, संशोधक, लहान उद्योजक या सर्वांना ती माहिती हाताळता येऊ लागली. २०२१ मध्ये दिल्लीच्या बस किती मिनिटांत येणार, हे गूगलच्या नकाशावरही दिसू लागले.

परदेशातील अनुभवही उद्बोधक आहे. लंडनच्या वाहतूक संस्थेने आपली माहिती खुली केल्यावर तिच्यावर सहाशेहून अधिक ॲप उभी राहिली. २०१७ मध्ये डेलॉइट या संस्थेने केलेल्या पाहणीत यातून वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत लाभ होत असल्याचा अंदाज निघाला; त्यात प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेचा वाटा मोठा होता. इंग्लंडमध्ये तर २०१७ च्या बससेवा कायद्याच्या आधारे, लंडनबाहेरच्या बस चालवणाऱ्यांनी वेळापत्रक, भाडे आणि गाडीचे ठिकाण खुले करणे बंधनकारक झाले. तेथील बस बहुतांशी खासगी कंपन्यांच्या आहेत. खासगी कंपनीकडून जे कायद्याने घेतले जाते, ते लोकांच्याच मालकीच्या महामंडळाने आपण होऊन द्यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

पुण्याचे उदाहरण आणखी जवळचे आहे. तेथे ‘डेटामीट’ या गटातील कार्यकर्त्यांनी पीएमपीएमएलचे थांबे आणि मार्ग या साच्यात बसवण्याचे काम स्वेच्छेने केले. नावांचे घोटाळे दुरुस्त करणे, एकाच थांब्याच्या दोन नोंदी शोधणे, असले ते किचकट आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारे काम होते. सामाजिक कार्य केवळ रक्तदान शिबिर आणि वृक्षारोपण यांपुरते नसते, याचा तो एक दाखला होय.

आपल्याकडे काय उणे आहे?

एसटीकडे माहिती नाही, असे नाही. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजले जाते, त्यामुळे प्रत्येक मार्गाच्या टप्प्यांची यादी वाहकाच्या तिकीट यंत्रात आधीच भरलेली असते. फेऱ्यांचे नियोजन आगारात होते. सोलापूर विभागात अशी नऊ आगारे आहेत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी बसला स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण केंद्रीय नियमाने आवश्यक झाले, आणि त्याच वर्षी महामंडळाने आपल्या गाड्यांवर अशी यंत्रणा बसवण्यास आरंभ केला. म्हणजे टप्पे आहेत, वेळा आहेत, गाडीचा माग आहे. एका साच्यात मांडून ते लोकांना देण्याचा निर्णय तेवढा हवा आहे.

तो निर्णय मागण्यास कायद्याचा आधारही आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ याचे नाव घेतले की दहा रुपयांचा अर्ज आठवतो. परंतु त्याच कायद्याचे चौथे कलम असे सांगते की, सार्वजनिक प्राधिकरणाने जास्तीत जास्त माहिती स्वतःहून, वेळोवेळी आणि इंटरनेटसह विविध साधनांनी जाहीर करीत राहावे, म्हणजे लोकांवर अर्ज करण्याची वेळच कमीत कमी येईल. बसच्या वेळापत्रकाहून अधिक निरुपद्रवी आणि अधिक उपयुक्त माहिती कोणती असेल?

काही शंका

यावर काही शंका घेतल्या जातात. त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

पहिली शंका अशी की, वेळा उघड झाल्या तर वडापवाले एसटीच्या पुढे दहा मिनिटे गाडी लावतील. वस्तुस्थिती अशी आहे की, वडापवाल्याला एसटीची वेळ आजच पाठ असते. त्याचा धंदाच तिच्यावर चालतो. ठाऊक नसते ती प्रवाशाला. एसटी दहा मिनिटांत नक्की येते आहे, हे प्रवाशाला कळले, तर तो वडापात दाटीवाटीने बसण्याऐवजी थांबेल. माहिती लपवून एसटीचे उत्पन्न वाढत नाही.

दुसरी शंका खासगीपणाची. ती मात्र रास्त आहे आणि तिथे रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. गाडी कोठे आहे, ही सार्वजनिक माहिती. त्या गाडीत कोणत्या पासावर कोणती विद्यार्थिनी रोज किती वाजता चढते, ही तिची खासगी माहिती. पहिली खुली असावी, दुसरी कडेकोट बंद असावी. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा याच दिशेने जातो.

तिसरी शंका, माहिती चुकीची निघाली तर? निघेलच. इतक्या मोठ्या पसाऱ्यात थांब्याचे नाव चुकेल, बंद पडलेली फेरी चालू दिसेल. पण चूक उघड्यावर असली की ती दाखवणारे शेकडो डोळे मिळतात. कपाटातल्या चुकीला दुरुस्त करणारा कोणी नसतो.

चौथी शंका स्वदेशीचा विचार करणाऱ्यांच्या मनात येते. आपली माहिती परदेशी कंपन्यांच्या हाती आयती का द्यावी? प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र दार बंद करण्यात नाही. माहिती बंद ठेवून एखाद्याच कंपनीशी करार केला, तर ती केवळ तिच्या हाती राहते आणि करार संपला की महामंडळही अडते. माहिती सर्वांना समान अटींवर खुली असली, तर मोठ्या कंपनीला जे मिळते, तेच पंढरपुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही मिळते. पोर्टलंडचा प्रवासी जे मागत नाही, ते त्याला सुचेल: पाटी, वस्ती, मळा यांची बोलीतील नावे, देवनागरीतील तक्ता, वारीच्या दिवसांतले वेगळे मार्ग. करकंबचे नाव रोमन लिपीत कोणी शेवटचा ‘ब’ धरून लिहितो, कोणी सोडून. यंत्राला ती दोन गावे वाटतात. हा गोंधळ अमेरिकेतला अभियंता सोडवणार नाही.

वारीची कसोटी

या सर्वांची कसोटी आषाढीला लागते. एसटी दरवर्षी सुमारे पाच हजार जादा गाड्या पंढरपूरला सोडते. चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल कारखाना अशी तात्पुरती स्थानके उभी राहतात आणि परतीची कोणती गाडी कोठून मिळणार, हे जिल्ह्यानुसार ठरते. चालक, वाहक, नियंत्रक त्या दिवसांत जे कष्ट उपसतात, त्यांना तोड नाही. तरीही दर्शन घेऊन थकलेला वारकरी चुकीच्या स्थानकावर जाऊन बसतो, हेही घडते. ही स्थानके आणि त्यांवरून सुटणाऱ्या गाड्यांचे जिल्हे यात्रेपूर्वी आठ दिवस खुल्या तक्त्यात आले, तर प्रत्येक दिंडीला आपापले पत्रक छापता येईल, मदत केंद्रावरील स्वयंसेवकाला मोबाईल पाहून रस्ता सांगता येईल. वारकऱ्याच्या स्वतःच्या हाती मोबाईल नसला तरी चालेल. ज्याच्या हाती आहे, त्याने सांगावे.

माहितीचा आणखी एक उपयोग आहे, तो स्मरणाचा. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ मध्ये मिटला. त्या महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या घरांनी जे सोसले आणि खेड्यांनी जे सोसले, ते सर्वांच्या लक्षात आहे. अशा खंडानंतर कोणती फेरी परत आली आणि कोणती कायमची गेली, हे सांगण्यास गावाजवळ नोंद हवी. दरमहा खुले होणारे वेळापत्रक ही अशी नोंद आहे. ‘पूर्वी गाडी होती’ या तक्रारीपुढे अधिकारी हतबल असतो. ‘अमुक महिन्यात सकाळी सहा चाळीसची फेरी होती, पुढच्या महिन्यात ती नाही’ या निवेदनाला त्याला उत्तर द्यावे लागते.

गावाने काय करावे?

शासनाच्या निर्णयाची वाट पाहत बसणे हा गावाचा धर्म नव्हे. चार गोष्टी करकंबला आजही करता येतील. गावातून जाणाऱ्या गाड्यांच्या प्रत्यक्ष वेळा आठ दिवस थांब्यावर बसून टिपाव्यात. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या हे सहज करतील आणि त्यांना नोंद ठेवण्याचे वळण लागेल. परिसरातील पाट्या आणि वस्त्या यांची नावे देवनागरीत एकसारखी लिहून, नकाशावरील त्यांच्या जागेसह यादी करावी. तयार झालेला तक्ता ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना आणि बाजारातील दुकाने येथे लावावा, खाली तारीख घालावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावा. आणि ग्रामसभेत ठराव करून, माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाचा उल्लेख करून, विभाग नियंत्रकांकडे फेऱ्यांची माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागावी. मागणी नम्र असावी, लेखी असावी आणि तिचा पाठपुरावा असावा.

हे करताना आगारातील कर्मचारी आपला प्रतिपक्ष आहे, अशी भावना मनात येता कामा नये. पहाटे थंडीत मुक्कामी गाडी सुरू करणारा चालक आणि टिफिन घेऊन थांब्यावर उभी असलेली विद्यार्थिनी, दोघेही त्याच वेळापत्रकाने बांधलेले आहेत. गाडी वेळेवर आली, तर त्याचे श्रेयही त्यालाच उघडपणे मिळाले पाहिजे. खुली माहिती उशीर दाखवते, तशीच रोजची इमानदारीही दाखवते.

पहिली गाडी सुटली तेव्हा देश स्वतंत्र होऊन वर्षही झालेले नव्हते. साधने तुटपुंजी होती, रस्ते कच्चे होते. तरी वेळ ठरवून ती लोकांना सांगण्याचे धैर्य त्या पिढीने दाखवले. आज प्रत्येक गाडीचे ठिकाण क्षणोक्षणी कळू शकते. ते ज्याच्यासाठी गाडी धावते त्याच्यापर्यंत पोहोचवणे, हे आजच्या पिढीकडे आलेले काम आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत त्याला एक ओळ मिळावी, एवढीच अपेक्षा.